नणंद आधी, अँब्युलन्स मागून

चिमणे,

सगळ्यात आधी कोण आलं, तर आमच्या नणंदबाई. पर्समध्ये घडी घातलेले चार रुमाल, रडायची जय्यत तयारी. अँब्युलन्स त्यांच्या मागून आली. पण थांब, आधी तुला पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? मी मजेत. शनिवारी मेले होते, तेवढं सोडलं तर.

झालं काय, मी पालेभाजी निवडत होते (सूनबाई दांड्यांसकट शिजवते), तर छातीत धडधड सुरू झाली आणि मी आडवी. थोरल्यानं फोन उचलला आणि पहिला लावला आत्याला! हे गेले तेव्हा आत्याला उशिरा कळवलं म्हणून ती सात वर्षं बोलत नव्हती ना, तो धसका. आत्या, मग काका, मग मामी, आणि मग अँब्युलन्स.

तोवर खालच्या मजल्यावरची शिंपीण धावत आली नि माझी छाती दाबायला लागली (कारखान्यात शिकवलंय म्हणे). दोन बरगड्या मोडल्या माझ्या. नणंदबाई ओरडल्या, "अगं, गेलेल्या बाईला कशाला छळतेस?" शिंपीण म्हणाली, "रडायचं तर बाजूला बसून रडा." तिनंच सांगितलं मला, हसून हसून बरगड्या दुखल्या.

मग अँब्युलन्सवाल्यांनी छातीला पट्ट्या चिकटवून विजेचे झटके दिले. हृदय नुसतं थरथरत होतं म्हणे, रक्त ढकलतच नव्हतं. दुसऱ्या झटक्याला ताळ्यावर आलं. रुमाल चारही कोरडे!

डॉक्टर म्हणतात, हे पुन्हा होऊ शकतं. खांद्याखाली कातडीच्या आत डबी बसवायची, ती आपली आपण झटका देते. मुलं खाटेशेजारीच कुजबुजली, "या वयात कशाला चिरफाड?" मी डोळे मिटून ऐकत होते. धाकट्याला न्यूमोनिया झाला तेव्हा तो दीड वर्षाचा होता. मी नव्हतं म्हटलं, या वयात कशाला.

तुझी,
ताई

ता. क. नर्स म्हणाली, माणूस शुद्धीत असला की ऑपरेशनला त्याची स्वतःची सही चालते. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, पण केली. ऑपरेशन बुधवारी सकाळी.

आणखी एक. बाहेर बाकावर आपलं कुणीतरी बसलेलं लागतं. मंगळवारच्या गाडीनं ये, कुणाला सांगू नकोस. मुलं नीट विचार करून गुरुवारी येतो म्हणालीत.