दौलतच्या गाडीची सुटलेली नळी

ठक, ठकठक, ठक. ठक, ठकठक, ठक.

मास्तर लाकडी पट्टीने बाकावर वृत्त वाजवत आणि आम्ही मुले कविता म्हणत त्या ठोक्यांमागे धावत असू. कोणाची एक मात्रा गळली की पट्टी हवेतच थांबे. मास्तर ओरडत नसत, नुसते थांबत. ते थांबणे मला अजून ऐकू येते. पुढे आयुष्यभर मी त्याच थांबण्यावर पोट भरले, म्हणून हे शेवटचे लिखाण त्याच्यापासून सुरू करतो. अल्लाहचे नाव त्याच्याही आधी मनात घेतले आहे.

तर मी, अल-बुरई अब्दुल्मकसूद, राहणार दुम्यात, नदीकाठची गाडीवाल्यांची गल्ली, धंदा मोटारींच्या धुराच्या नळ्या आणि सायलेन्सर बसवणे, ज्यावरून गल्ली मला शकमानजी म्हणते, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण तो कान या कामाला लागत नाही. मला कोणी दटावलेले नाही की भरीस घातलेले नाही. शेजारचा सुतार हाज जुमआ समोर बसून माझा चहा पीत आहे आणि मधूनमधून सल्ला देत आहे, परंतु त्याचे मी आजवर कधी ऐकलेले नाही, हे त्यालाही मान्य आहे.

कलम पहिले. माझ्या दफनाविषयी. मयत नेताना आमच्या गल्लीतून न्यावी. मान राखायचा म्हणून कोणी इंजिन बंद करू नये. ज्याचे इंजिन अडखळत असेल त्याने तर मुळीच करू नये. मला जाता जाता ऐकू द्यावे. ध्वनिक्षेपक लावू नये.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे गॅसची वेल्डिंग, पाइप वाकवायचा साचा, ऐरण, हातोडे आणि कानाला लावून इंजिन ऐकायची लांब लोखंडी दांडी, ही सर्व गल्लीच्या सामाईक मालकीची समजावीत. ती समोरच्या उस्ता अवदच्या दुकानात राहतील. उस्ता अवदला मी या मृत्युपत्राचा साक्षीदार केले आहे ते मुद्दाम. साक्षीदाराच्या पदरात काही टाकू नये असा रिवाज आहे, म्हणून त्याला हत्यारे वापरता येतील, माझी म्हणता येणार नाहीत. आमचे वैर जुने आहे. गाडी उभी असताना धडपडू लागली की अवद कार्बोरेटरचा स्क्रू पिळून तिचा वेग वाढवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, झाली बरी. लंगडणाऱ्या माणसाला पळायला लावले तर लंगडणे दिसत नाही, एवढेच. हे मी त्याच्या तोंडावर लिहीत आहे.

"लिही, लिही," अवद आत्ता म्हणाला. "तू एक गाडी ऐकत बसायचास तेवढ्यात माझ्या तीन जायच्या."

"आणि त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी माझ्याकडे यायच्या," मी म्हणालो. हेही लिहून ठेवतो.

कलम तिसरे. माझे घर खाली दुकान आणि वर एक खोली व गच्ची असे आहे. मला मूल नाही. पुतण्या मुतवल्ली हा एकटाच वारस. खालचे दुकान सर्व हक्कांसह त्याला जाईल. त्याला तिथे सोफे मांडायचे आहेत, ते त्याने खुशाल मांडावेत. या गावात सोफ्यावाचून कोणाचे अडले आहे असे मला वाटत नाही, पण तो त्याचा प्रश्न. विनंती एवढीच की मागची काजळीने काळी झालेली भिंत त्याने चुना लावून पांढरी करू नये. काम नसेल तेव्हा मी त्या काजळीत बोटाने शाळेतल्या कवितांच्या ओळी लिहीत आलो. काही ओळींचे शेवट मला आठवत नाहीत, तिथे जागा सोडली आहे. भिंतीपुढे एखादे मोठे कपाट ठेवले तरी चालेल. कविता कपाटामागे नीट राहतात.

कलम चौथे. हे कलम लांब होईल. हाज जुमआने चहा पुन्हा ठेवायला सांगितले आहे.

शरीयतप्रमाणे माणसाला आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा वारस नसलेल्या कोणालाही देता येतो. माझ्या घराची वरची खोली आणि गच्ची त्या हिश्शात बसते. ती मी सित्त दौलत हिला, म्हणजे दौलतबाईंना, देतो. दौलत चाळीस वर्षांपूर्वी माझी बायको होती.

मूल होत नाही म्हणून तिचे वडील तिला घेऊन गेले आणि माझ्या आईने दार उघडून धरले. काझीपुढे दोघेही खाली बघत होतो. नंतर तिचे बंदरातल्या एका कारकुनाशी लग्न झाले, वर्षभरात मुलगा झाला, आणि मूल कोणामुळे होत नव्हते ते गल्लीला आपोआप कळले. मी पुन्हा लग्न केले नाही. दोष कोणाचा हे ठरवायला मी हे लिहीत नाही. कारकून भला माणूस होता. तो वारला तेव्हा मी जनाज्यात मागच्या रांगेत उभा होतो.

त्याची फियाट एकशेअठ्ठावीस तिच्याकडे राहिली. त्याच हिवाळ्यात ती गाडी घासत, ठिणग्या उडवत गल्लीत शिरली आणि माझ्या दुकानासमोर थांबली. गल्लीतले सगळे हातोडे गप्प झाले. दौलत खाली उतरली. पांढरी ओढणी, हातात किल्ली.

"उस्ता, मागे काहीतरी घासतंय," ती म्हणाली.

"बघतो, सित्त," मी म्हणालो.

सायलेन्सर गंजून त्याच्या रबरी टांगणीतून सुटला होता आणि पुढच्या पाइपला चीर गेली होती. इंजिनाजवळच्या गॅस्केटपाशीही काळा डाग होता, म्हणजे धूर तिथूनही निसटत होता. आमच्याकडे समुद्राची खारी हवा सायलेन्सर कुरतडून खाते. पत्र्याचा नवा डबा बनवला, पाइप बदलला, गॅस्केट बदलले. असा डबा दोन वर्षे टिकतो, म्हणजे तिने दोन वर्षांनी यायला हवे होते. ती पुढच्या हिवाळ्यात आली. गंज होताच. खारी हवा माझी सोयरी असल्यासारखी दरवर्षी वेळेवर काम करीत होती. ती स्टुलावर बसायची, मी गाडीखाली. तिला दिसत असतील ते माझे पाय आणि मला तिचे. तेवढ्यावर आम्ही बोलायचो.

"बदकं महागली," ती म्हणायची.

"बदकात भरायचे कांदे तर स्वस्त आहेत ना, कांदेच भरा," मी गाडीखालून म्हणायचो.

"म्हणजे बदकाशिवाय नुसते कांदे! अस्सल दुम्याती कंजूष आहेस." आणि मग आठवण झाल्यासारखी, "आहात, उस्ता."

मग एका वर्षी तिने फ्रेंचांच्या मुलखात, मार्सेयला असलेल्या मुलाला फोनवर सांगितले की गाडीचा सलान्सिये बिघडलाय. आमच्या गल्लीत गाडी उभ्याउभ्या मंद धडधडते त्या चालीला सलान्सिये म्हणतात. शब्द फ्रेंचांकडून आला, पण वाटेत त्याचा अर्थ बदलला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ सायलेन्सर. मुलगा तिकडे हॉटेलात काम करतो, त्याला तिकडचाच अर्थ माहीत. बिचाऱ्याने आईसाठी न गंजणाऱ्या पोलादाचा नवाकोरा सायलेन्सर बोटीने पाठवून दिला. दौलत ते लांबट खोके मांडीवर घेऊन माझ्या दुकानात बसली होती.

"मी त्याला म्हटलं गाडी नीट उभी राहत नाही, आणि त्यानं हा डबा पाठवला. आता याचं काय करू? पाळणा करू?"

मी हसलो. तीही हसली. ओढणी तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत. आम्ही एकत्र हसल्याला एवढी वर्षे झाली होती की अवद रस्ता ओलांडून बघायला आला.

डबा त्या गाडीचा नव्हता. मी दोन्ही टोके कापून, जोड वेल्ड करून बसवला. आईला मुलाने पाठवलेली वस्तू परत कशी करायची? बसला तो असा बसला की गाडी मांजरासारखी गेली. आणि तेव्हा मला समजले की आता गंजायला काही उरले नाही. पुढचा हिवाळा आला तर ती कशाला येईल?

ती आली. गाडी दारात उभी राहिली आणि शांत सायलेन्सरमुळे सगळे लख्ख ऐकू आले. तीन ठोके बरोबर, चौथा गळलेला. वृत्तभंग. मी मागच्या नळीपुढे तळवा धरला, फुंकर सारखी येत नव्हती. एकेका प्लगची वायर काढून पाहिली, चारही प्लग चांगले. मग कान खाली नेला तर कार्बोरेटरच्या बुडाशी बारीक सुस्कारा. तिथली करंगळीएवढी रबरी नळी निघालेली होती आणि इंजिन तिथून फुकटची हवा ओढत होते.

नळी नवीन होती, आदल्याच वर्षी सलान्सिये दुरुस्त करताना मी बसवलेली. फाटली नव्हती की चिरली नव्हती. तिच्या पकडीचा स्क्रू सैल केलेला होता आणि त्याच्या डोक्यावर पेचकसाचा ताजा, चमकता ओरखडा होता. थरथरीने सुटलेल्या स्क्रूला ओरखडा पडत नाही.

मी गाडीखालून नव्हे, वरून तिच्याकडे पाहिले. ती रस्त्यापलीकडच्या चिंचोळ्या बोळाकडे अशी बघत होती जशी त्या बोळात मोठी मिरवणूक चालली आहे.

"काय झालंय, उस्ता?"

"खारी हवा, सित्त," मी म्हणालो.

"तरीच," ती म्हणाली.

नळी बसवायला एक मिनिट लागते. मी दुपारपर्यंत लावली. त्यानंतर दर हिवाळ्यात नळी सुटत आली आणि मी ती बसवत आलो. आम्ही दोघांनीही खाऱ्या हवेला कधी उघडे पाडले नाही. गेली दोन वर्षे तर ती उन्हाळ्यातही सुटू लागली होती.

आता मुलाचे म्हणणे पडले की अम्मीने गाडी विकावी आणि मार्सेयला यावे, या वयात एकटीने राहू नये. ही बातमी तिनेच सांगितली. नळी बसवून झाली होती तरी ती उठली नाही. म्हणाली, "त्याचंही बरोबर आहे." मी हात पुसत राहिलो.

त्या रात्रीच मी तिसऱ्या हिश्शाचा विचार केला आणि सकाळी हाज जुमआला सांगितला. तो रंधा खाली ठेवून म्हणाला, "वेडा आहेस का? तिला लग्नाचं विचार की सरळ."

"लग्न झालं तर ती वारस होते. वारसाला मृत्युपत्रानं काही देता येत नाही. कलम रद्द होतं."

"होऊ दे रद्द! मूल नसलेल्या नवऱ्याच्या बायकोला चौथा हिस्सा मिळतो. तू तिला तिसरा देऊन लांब ठेवणार, त्यापेक्षा चौथा देऊन जवळ ठेव. दुम्यातचा माणूस आणि एवढा हिशेब कळत नाही तुला?"

वर लिहिले आहे की मी त्याचे कधी ऐकले नाही. या एका बाबतीत ऐकले. मी त्याच्याच तोंडी तिला निरोप धाडला. निरोपात कविता घालणार होतो, पण हाज म्हणाला की त्याला पाठ होणार नाही. म्हणून साधे विचारले: माझ्या घरी परत येतेस का?

परवा तो उत्तर घेऊन आला. ती दाराआडूनच बोलली होती आणि एवढेच म्हणाली: "उस्ताला सांगा, गाडी विकली."

मी तिला बोल लावत नाही. मुलगा तो मुलगा. गाडी गेली म्हणजे नळी गेली, आणि नळी गेली म्हणजे या गल्लीत यायचे कारण गेले. समजले. तरीही हे कलम मी कायम ठेवतो. ती मार्सेयला असो की कुठेही, वरच्या खोलीचा कब्जा, वहिवाट आणि किल्ली तिची. परक्या मुलखात माणसाला आपल्या गावी आपले एक दार आहे एवढे माहीत असले तरी झोप बरी लागते. मुतवल्लीने तिला खोली विकायला भाग पाडू नये. गच्चीवरून नदी दिसते. लग्नानंतर ती तिथे कपडे वाळत घालायची आणि तिकडे नदीच्या मुखाकडे बोटी निघाल्या की चिमटे तोंडात धरून बघत उभी राहायची.

माझ्या हयातीत काही कारणाने हे कलम रद्द ठरले, म्हणजे ती या घराची वारसच झाली, तर त्यावर कोणी हरकत घेऊ नये. रद्द झालेले कलम बघायला मला फार आवडले असते. पण मृत्युपत्रात आवडीनिवडी लिहीत नाहीत, असे अवद म्हणतो.

कलम पाचवे. शाळेचे कवितांचे पुस्तक मुलींच्या शाळेला द्यावे. मधली पाने ग्रीसने चिकटली आहेत, त्याबद्दल माफी असावी.

याखेरीज माझे काही नाही. वर लिहिले ते मी वाचून पाहिले, साक्षीदारांनी ऐकले, आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण: दुम्यात. तारीख: ९ जानेवारी २०१९.

साक्षीदार पहिला: हाज जुमआ अल-मुर्सी, सुतार (सही)

साक्षीदार दुसरा: उस्ता अवद शिहाता, मोटार मेकॅनिक (सही, माझ्याविषयीचा मजकूर मान्य नाही)

लिहून ठेवणार:

साक्षीदार पहिला याची नोंद: वरची जागा कोरी आहे त्याचे कारण मी लिहितो, म्हणजे पुढे कोणी आम्हाला विचारू नये. अल-बुरई सही करण्यासाठी लेखणी टेकवत होता तेव्हा दार वाजले. गल्लीत कोणतीही गाडी आलेली नव्हती, ते आम्ही तिघांनीही ऐकले असते. अवदने दार उघडले. बाहेर सित्त दौलत उभी होती. नदीपलीकडून पायी आली होती, बुटांना चिखल लागला होता आणि धाप लागली होती. अल-बुरई उठला, हात पुसायला फडके शोधू लागला, हात स्वच्छ असताना. सवयीने त्याने विचारले, "काय झालंय, सित्त?"

ती म्हणाली, "काही नाही, बुरई. आज काही बिघडलेलं नाही."