काचघरातलं चौथं आळं

आषाढ शुद्ध ११, शके १८५४

बसत नाहीत! दोन-दोन हातांवर लावली तर नऊच रोपं बसतात. अबकारीचा परवाना बाराचा, आणि बाराही उगवली. आख्ख्या निपाणीत गांजा चांगला उगवला म्हणून घाम फुटलेला वैद्य मी एकटाच असेन. लोंढ्याहून रेल्वेच्या जुन्या खिडक्यांच्या काचा आणून परड्यात हे काचघर बांधलं, तेव्हा कुठं गेली होती माझी अक्कल?

राजमती खिडकीजवळच्या खाटेवरूनच म्हणाली, "तीन जीव उपटून टाकणार व्हय? जरा सरकवून जागा करा की."

पोटात गाठ घेऊन पडलेली बायको. तिला नाही कसं म्हणायचं! दीड-दीड हातावर बाराही लावली.

श्रावण वद्य २

पानांना पानं भिडली. आत वारा नाही. दोन बुंध्यांवर बुरशी. दुसऱ्या कुणी अशी दाटी केली असती तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

गेल्या सालच्या गोळ्या दिवाळीपर्यंत पुरतील. पुढं तिच्या कळांना या झाडांचे तुरे, दुसरं काही नाही.

भाद्रपद शुद्ध ४

उद्यापासून आम्हा जैनांचं पर्युषण पर्व. राजमतीनं शब्द घेतला — "धा दिवस हिरव्याला हात लावायचा न्हाई. माझ्या औषधासाठीबी न्हाई." दिला. दरसालचंच आहे, म्हटलं.

भाद्रपद शुद्ध ७

गडी मष्णू पाणी घालायला आला आणि आळ्याशी उकिडवा बसूनच राहिला. "आप्पा, ह्यो चौथ्या आळ्यातला नर हाय. ह्येची धूळ उडाली की समद्या माद्यांत बी भरतंय. मग औषध कशाचं, पाखरांचं खाणं!"

"पर्व झाल्यावर काढू."

"तवर ऱ्हातंय व्हय त्ये? कळ्या बघा की!"

लांब लावली असती तर एकट्यावर कापड तरी टाकता आलं असतं. आता फांद्या एकमेकींत अडकल्यात.

भाद्रपद शुद्ध ८

गोळ्या घेऊनही आज तिला उठून बसता आलं नाही. ओठ चावून रक्त काढलं.

भाद्रपद शुद्ध ९

उपटलं.

दुपारी घरचे सगळे बस्तीत, आमच्या देवळात, पूजेला गेले होते. राजमतीचा डोळा लागलेला. मुळं शेजारच्या मुळांत गुंतलेली, निघता निघेना. झाड खताच्या खड्ड्यात पुरलं, हात तीनदा धुतले.

संध्याकाळी ती खिडकीतून बघत होती. "अकराच दिसत्यात."

"बुरशीनं गेलं एक," मी म्हणालो.

"व्हय?" एवढंच.

शब्द मोडला, वर खोटं. तेही पर्वात! मला माझीच किळस येते.

भाद्रपद शुद्ध १४

तुरे स्वच्छ आहेत. कुठं बी नाही. आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली. रोज त्या चौथ्या आळ्यावरून नजर चुकवतो.

भाद्रपद वद्य १

क्षमावणी. सकाळपासून गल्लीतले लोक क्षमा मागून, क्षमा करून गेले. शेवटी तिच्यासमोर गेलो. तिनंच आधी हात जोडले.

"नवमीला मी डोळं मिटून पडलेली, झोपलेली नव्हं. झाड उपटताना बघिटलं तुमास्नी. एक हाक मारली असती तर तुम्ही थांबला असता. न्हाई मारली. मलाबी पायजे हुतं वो औषध. क्षमा करा."