चढावरचा पेला

रविवार, दिवेलागणीनंतर.

मी, त्र्यंबक विनायक सबनीस, वाणिज्य पदवीधर, एका कापूस पेढीचा मुख्य हिशेबनीस, आज नरनाळ्याच्या चढावर माझ्या हातून जे घडले ते केवळ स्वतःसाठी नोंदवीत आहे.

गडाच्या पायथ्याशी मीच सहलीला आलेल्या सर्वांना नियम सांगितले: सावकाश चालणाऱ्याला मागे टाकू नये, टाक्याच्या पाण्यात पाय धुऊ नयेत, आणि छागलीतले पाणी सर्वांनी एकाच पेल्याने प्यावे. पहिल्या दरवाज्याशी मी पाणी वाटू लागलो. आमच्या पेढीतला कारकून तायडे पुढे आला. दोन वर्षांपूर्वी त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी पेला बाजूला ठेवला आणि छागल उंच धरली, त्याने ओंजळ करावी म्हणून. विचार केला नव्हता, हात आपणहून तसा वळला. हे समर्थन आहे काय?

तायडेने ओंजळ केली नाही. हसून म्हणाला, "सायेब, पेल्याचा नियम मले नाई काय?"

त्याने पेला उचलला, माझ्या हातातली छागल घेतली आणि तो पोटभर पाणी प्यायला. मग तोच पेला भरून माझ्यापुढे धरला.

"घ्या सायेब. तुमी तं अजून प्यालेच नाई."

"तहान नाही," मी म्हणालो. खरे तर तहान लागली होती.

तो पेला मी घरी आणला; आता समोर फळीवर आहे. उद्या पेढीत तायडेकडे पाणी मागायचे आहे. इथे लिहिले म्हणजे मागितले, असे होत नाही.

त्र्यं. वि. सबनीस
अकोला, १४ डिसेंबर १९५८