शेकायचा रुमाल

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी डोळे उघडेनात. पापण्या एकमेकींना चिकटलेल्या! ओल्या बोटांनी सोडवल्या. आरशात पाहिलं — कडा लाल, केसांच्या मुळाशी पिवळट खपल्या. लीला असती तर ओरडली असती, "चोळू नका हो!" चोळले.

शेजारच्या आनंदीबाई भाजी घेऊन आल्या. "भाऊ, किती रडाल? वहिनींच्या जिवाला तिकडे चैन पडायचं नाय." मी भाजी ठेवून घेतली. काय सांगणार? लीलाला जाऊन चार महिने झाले, मी एकदाही रडलेलो नाही. दहाव्यालाही नाही. डोळ्यांतून पाणी गळतं ते आपलं आपण गळतं, आणि सगळं गाव मला बिचारा म्हणतं. लाज वाटते.

१३ नोव्हेंबर

नीरजाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. "बाबा, परत रडलात?" नाही म्हटलं, तर पटेना पोरीला. तिने ठरवलंय — चौदा डिसेंबरला येणार, आणि मी असाच दिसलो तर घराला कुलूप लावून मला घेऊन जाणार! "एकटं राहून असंच होणार तुमचं."

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून काय करू मी? इथे माझी आंब्याची सात कलमं आहेत, विहीर आहे, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फेरी आहे. मला जायचं नाही. हल्ली कशातच जीव रमत नाही, पण एवढं एक नक्की कळतं.

१५ नोव्हेंबर

आनंदीबाईंच्या सांगण्यावरून काल पापण्यांना गाईचं तूप चोळलं. आज डोळे मोदकासारखे. ऐकावे जनाचे!

१६ नोव्हेंबर, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दीड तास बाकावर. त्यांनी यंत्रातून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, हे रडून झालेलं नाही. पापण्यांच्या कडांना सूज आहे. तिथल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्यात." इतकं हलकं वाटलं! कुणीतरी एकदाचं ओळखलं. मग लगेच वाईटही वाटलं — म्हणजे लीलासाठी खरंच रडलो नाही.

उपाय: गरम पाण्यात रुमाल पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं शेक. मग हलक्या बोटाने दाब — वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. मग लहान मुलांचा शाम्पू पाण्यात पातळ करून कापसाने केसांच्या मुळाशी पुसायचं. दिवसातून दोनदा. "किती दिवस?" विचारलं. "दात किती दिवस घासता? तसंच हे. कायमचं." झालं!

मेडिकलमधला लवू शाम्पू देताना खुशीत, "काका, नातू आला काय?" हो म्हणून टाकलं. कोण सांगत बसणार?

२० नोव्हेंबर

रुमाल दोन मिनिटांत गार होतो. मग उठा, पाणी तापवा, परत पिळा. अडुसष्टाव्या वर्षी हा नवा संसार. आज एक शोध लागला — सकाळी पेज शिजत असते तेव्हा पिळलेला रुमाल झाकणावर ठेवायचा. छान गरम राहतो. डोळ्यांना भाताचा वास येतो एवढंच.

२३ नोव्हेंबर

कंटाळा आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल दोन्ही वेळा चुकवलं. आज पापण्या परत चिकटल्या. चौदा तारीख आठवली आणि निमूट चूल — म्हणजे गॅस — पेटवला.

डोळे मिटून दहा मिनिटं नुसतं बसायचं, हे सगळ्यात अवघड. लीला आजारी असताना तिच्याजवळ कधी दहा मिनिटं स्वस्थ बसलो का? औषधं, रिपोर्ट, रिक्षा — माझी धावपळच चालू. आज हे सुचलं आणि रुमाल गार होईपर्यंत सुचतच राहिलं.

२ डिसेंबर

खपल्या गेल्या. कडा अजून थोड्या गुलाबी. नीरजाच्या फोनच्या वेळी मुद्दाम खिडकीसमोर बसलो. "बरे दिसताय," म्हणाली. पोरगी नमते आहे!

११ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा काका! पण सोडायचं नाही हं." सोडतोय कसला. तीन दिवस राहिले.

१४ डिसेंबर, शनिवार

नीरजा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी मला अंगणात उजेडात उभं केलं. डोळे पांढरे स्वच्छ! "ठीक आहे. राहा इथेच," म्हणाली. जिंकलो! रात्री तिला आवडते म्हणून सोलकढी केली. खारट झाली. तरी तिने वाटी संपवली.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी शेक घेऊन, पुसून, डोळे उघडले. समोर नीरजा चहा घेऊन उभी. तिच्याकडे पाहिलं आणि चरकलो. पापण्या सुजलेल्या, नाकाचा शेंडा लाल. हे माझ्यासारखं दुखणं नव्हे, रडणं आहे, ते मला आता कळतं.

महिनाभर रोज व्हिडिओवर बोललो, पण तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. मी त्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माझेच डोळे तपासत बसायचो.

"उन्मेष कधी येतोय?" विचारलं. जावई जहाजावर असतो. "मार्चमध्ये." मग म्हणाली, "ऑफिसमधून येते, कुलूप उघडते, आणि आईला फोन लावायला हात जातो, बाबा. रोज." चहा गार झाला. मला न्यायचं होतं ते माझ्यासाठी नव्हतंच.

१७ डिसेंबर, मंगळवार

पुणे. काल नीरजाबरोबर आलो. घराची किल्ली आनंदीबाईंकडे, कलमांवर नजरही त्याच ठेवतील. सकाळी पेज लावली आणि दोन रुमाल काढले. माझा झाकणावर, तिचा गार पाण्यात.