शनीसनं काढलेलं तुझं चित्र

बाल्टिमोर,
१९ मार्च

चि. टेविन यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. सुटकेच्या अर्जात राहायचा पत्ता म्हणून आपलं घर घालू का, असं तू विचारलंयस. त्याचं सांगते, पण आधी इकडचं लिहिते.

मी बरी आहे. गुडघा धरतो अधूनमधून. शाळेच्या स्वयंपाकघरात अजून सगळ्यांच्या आधी मीच पोचते. नवी मॅनेजरीण मला वर्लीनऐवजी व्हर्जिनिया म्हणते आणि मी ओ देते.

मोठी बातमी शनीसची. तुझी बहीण स्वतःला चित्रकार म्हणवते, आणि आता लोकही म्हणायला लागलेत. बुटांच्या जुन्या कारखान्यात गॅलरी झालीय, तिथे आपल्याच भागातल्या पाच काळ्या पोरापोरींच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. एकानं बंद पडलेल्या शाळा काढल्यात. एकीनं नळाच्या तांबूस पाण्याच्या बादल्या. गोरे लोक हातात वाइन धरून त्या बादल्यांसमोर बराच वेळ उभे राहतात. आम्ही बादल्या भरत होतो तेव्हा कुणी बघायला आलं नव्हतं, पण असो.

शनीसनं तुला काढलंय. शाळेच्या शेवटच्या नाचाला निघालास तेव्हाचा, पांढऱ्या सुटातला. अख्खी गल्ली तुला बघायला पायऱ्यांवर जमली होती, तो दिवस. मागे नुसतं निळं आकाश, कारण तू कायम छपरावर कबुतरांत असायचास, असं ती म्हणते. खाली तुझं नाव आणि जन्माचं साल.

आपल्याकडे गल्लीतल्या भिंतींवर कुणाची चित्रं असतात ते तुला ठाऊक आहे. पांढरे कपडे, मागे आकाश, खाली नाव. जिवंत माणसाचं असं चित्र मी तरी पाहिलेलं नाही. शनीस चार वर्षं बाहेर शिकून आली, तिच्या ते ध्यानात आलं नसावं. माझ्या आलं होतं. मी बोलले नाही.

पहिल्या संध्याकाळी माझ्या चर्चमधल्या सिस्टर ओडेल आल्या होत्या. तू त्यांना ओळखत नाहीस. तुझ्या खटल्यानंतर मी चर्च बदललं, हे तुला कळवायचं राहिलं. आपल्या गल्लीला सगळं ठाऊक आहे, पण त्या नव्या चर्चमध्ये मी तू टेक्ससला नोकरीला आहेस असं सांगितलंय. ओडेलबाईंनी चित्र पाहिलं, खालचं नाव वाचलं आणि मला घट्ट धरलं.

"वर्लीन, अगं, एवढं घडलं आणि कळवलंही नाहीस? आम्ही काय परक्या का?"

नाही म्हणायला एक क्षण मिळाला होता. तो गेला. मी म्हटलं, "तुमचे आभार." मग दुसरी आली, मग तिसरी. मी सगळ्यांचे आभार मानले. मला रडू येत नव्हतं, त्याचंही त्यांना कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून चर्चमधल्या बायकांकडून जेवण यायला लागलं. चीज घातलेली मॅकरोनी, तळलेली कोंबडी, रताळ्याचा गोड पाई. तुला नेलं तेव्हा आपल्या दाराशी कुणी पाव घेऊनसुद्धा आलं नव्हतं. मी सगळं खाल्लं, टेविन. चवीनं खाल्लं.

तिकडे चित्राखाली मेणबत्त्या आणि फुलं जमली. गॅलरीवाल्यांनी शनीसला विचारलं, तेव्हा तिला कळलं. ती घरी आली आणि ओट्यावरची भांडी बघत उभी राहिली.

"आई, कोण मेलंय?"

"गरम करून घे," मी म्हटलं.

"मी त्याला जिवंत काढलंय. तो तुला पत्र लिहितो. घरी येऊ का, असं विचारतो. तू त्याला काय कळवणार आहेस? त्याच्या मरणाचं जेवून झालंय, असं?"

ती मैत्रिणीकडे राहायला गेली. अजून आलेली नाही.

या रविवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायची होती. पाळकांनी तुझं वाचलं. नाव वाचलं की घरच्यांनी उभं राहायचं असतं, म्हणून मी उभी राहिले. मग बसायचं असतं. मी बसले नाही. मी म्हटलं, माझा मुलगा गेलेला नाही, तो तुरुंगात आहे. कुणीतरी हळूच विचारलं, कशाबद्दल? दुकानावरच्या दरोड्यात गाडी चालवत होता, मी म्हटलं. दुकानदाराचा एक डोळा गेला, तेही सांगितलं. माझा आवाज जेवणाचा मेनू वाचून दाखवावा तसा येत होता.

ओडेलबाईंनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला आणि गाण्याचं पुस्तक उघडलं. सोमवारी त्यांनी भाचीला पाठवून आपलं भांडं परत मागवलं. मी घासून ठेवलं होतं.

मला अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

आता तुझ्या प्रश्नाचं. अर्जात पत्ता घराचाच घाल. तुझी खोली आहे तशी आहे, गाद्या उन्हात टाकल्यात. पण आधी एक वाच आणि मग घाल. लोक तुला मेलेला समजत होते, ते दिवस मला हलके गेले. तू तिकडे असताना इतक्या वर्षांत एवढे हलके दिवस मला आले नव्हते. ज्या बाईकडे तू परत येणार आहेस ती अशी आहे. चालत असेल तर ये.

तू जिवंत आहेस हे चारचौघांत सांगायला उशीर केलेली,
तुझी
आई