थोरल्याचं नाव

ईडन प्रेरी,
२२ मार्च २०२६

ती. शैलजामावशीस,
ऋषीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू रडवतेस, म्हणून पत्र. कॉलेज सोडल्यापासूनचं हे कितवं गाव, ते तूच मोज. हाजिया लादी म्हणून हज करून आलेल्या एक बाई आहेत, त्यांच्या बेसमेंटमध्ये राहतो. त्या नायजेरियातल्या कानोच्या, हौसा जमातीच्या. तू दिलेला ठेचा त्यांनी जॅमसारखा ब्रेडला लावला.

त्यांच्याकडे इस्लाम व्यापाऱ्यांच्या मागोमाग आला म्हणे. आधी राजे नि सावकार नमाज पढू लागले, खेड्यांत जुनी दैवतं चालूच. मग दोनशे वर्षांपूर्वी धर्मपंडितांनी लढून राज्यच घेतलं. आता वारांची नावंसुद्धा अरबी. पण एक जुनी रीत सगळ्याला पुरून उरली. आई पहिल्या मुलाचं नाव घेत नाही, चारचौघांत लाड करत नाही. लाज म्हणून. आपल्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं, तसं.

हे मला उशिरा कळलं, यार. त्यांचा थोरला नुहू दूर पश्चिमेला बॉथेलला असतो, वाढला याच देशात. तो म्हणतो, ही रीत धर्मात कुठेच नाही, आईला मीच नकोसा आहे. मला वाटलं मायलेकांचं भांडण, मिटवून टाकू. ईदला घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओढणी तोंडावर घेतली, पाठ फिरवली आणि विचारलं, हा कुणाचा मुलगा, त्याला फोन ठेवायला सांग. त्याने ठेवला. जूनमध्ये लेकीला घेऊन येणार होता, तेही कॅन्सल केलं. त्या नातीला हाजियांनी अजून पाहिलेलं नाही. त्यांच्या मैत्रिणीने मग मला ती रीत समजावली.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा ऋषी

नेपरव्हिल,
२९ मार्च

चि. ऋषीस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला श्रीखंड केलं, तुझी वाटी तुझ्या काकांनी संपवली. लोकांची भांडणं मिटवायला निघालास, घरचं ठेवलंस तसंच. तुझं पत्र ताईला वाचून दाखवलं. तू कॉलेज सोडल्यापासून तुझी आई तुझं नाव घेत नाही, हे तुला माहीत आहे. तुला हे माहीत नाही, की तिच्या फोनमधल्या वेदर ॲपवर नेपरव्हिलच्या खाली ईडन प्रेरी आहे.

नुहूला फोन करू नकोस. लिही. कुणी बघत नसताना ती बाई काय करते, तेवढंच लिही.

जेवत जा. पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी मावशी

ईडन प्रेरी,
१० एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

लिहिलं. दर शुक्रवारी त्या शेंगदाण्याची आमटी करतात, मला वाढतात आणि म्हणतात, त्याला आवडायची. तो म्हणजे कोण, ते आता कळतं. नुहूचं दोन ओळींचं उत्तर आलं. रीत मला माहीत होती, तरी एकदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं, असं. सोबत लेकीचा फोटो. जूनचं येणं मात्र गेलंच.

फोटो हाजियांनी फ्रिजवर लावला. येता-जाता नातीचं नाव घेऊन हबीबा, हबीबा करतात. फोटोत मुलीला धरलेला एक हात दिसतो, घड्याळ घातलेला. काच पुसल्यासारखं करून बोट त्या हातावरच फिरवतात. त्याचं नाव नाही घेत.

आईला सांग, ॲप चुकीचं दाखवतं. इथे त्याहून थंडी आहे. स्वेटर घालतोय.

तुमच्या दोघींचाच,
ऋषी