कोरडी राहिलेली रेघ

ती. अण्णा,
इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं, आईला एवढंच सांगा. बाकीचं तुम्हाला लिहितो, कारण जन्मभर पाट्या रंगवलेल्या माणसालाच ते कळेल.

आमच्या दुकानात जुनी चिनी अक्षरचित्रं दुरुस्तीला येतात. मागच्या महिन्यात एकाचा फाटका कागद चिकटवायला मला मिळाला. शेवटच्या जाड रेघेत मधेमधे पांढरं राहिलेलं. तुमचाच मुलगा ना मी! पाटीवरच्या अक्षरात भोक दिसलं की तुम्ही कान पिळायचात. बारीक कुंचल्याने सगळं काळं भरलं आणि खुशीत मालकांना दाखवायला नेलं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "शाई संपत आली तरी लिहिणाऱ्याने हात थांबवला नव्हता. ते पांढरं म्हणजे त्याचा वेग होता. तो माणूस गेला. आता पुन्हा कोण लिहिणार?"

तेव्हापासून मी नुसती कागद चिकटवायची खळ शिजवतो. कुंचला परत हाती येईलसं वाटत नाही. दुकानाच्या भिंतीवर टांगलेली अक्षरं मात्र आता कुठे दिसायला लागलीत. काय उपयोग?

आजारपणानंतर तुमची पत्रं ताईच्या अक्षरात येतात. तुमचा उजवा हात सुधारतोय, असं ती दर वेळी त्याच शब्दांत लिहिते. खरं काय ते मला कळतं. गोळ्या घेता ना?

एकदा तुम्ही स्वतः लिहा, दोनच ओळी. हात चालणार नाही तिथे कोरं राहू द्या. तेही मी वाचीन.

तुमचा,
धाकटा